कोकणातल्या घरात सिरा वाइन वर्षानुवर्षं कशी सांभाळावी: जागेपासून पेल्यापर्यंत

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत एक गोष्ट वारंवार दिसते. परदेशातून आलेला भाचा चांगली महागडी सिरा (त्याच नावाच्या द्राक्षाची लाल वाइन) भेट देतो. बाटली हॉलमधल्या शोकेसमध्ये उभी राहते. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला उघडायची म्हणून पाच-सहा वर्षं कोणी हात लावत नाही, आणि शेवटी उघडली की पेल्यात विटकरी रंगाचं, निस्तेज, आंबूस पाणी येतं. मग दोष वाइनवर जातो, किंवा “आपल्याला त्यातलं कळत नाही” असं म्हणून विषय संपतो. बहुतेक वेळा वाइन उत्तम होती आणि पिणाऱ्याची जीभही बरोबर होती. चुकला तो कामाचा क्रम. बाटली आधी आली आणि ती ठेवायची कुठे हा विचार नंतर झाला, किंवा झालाच नाही.

कोकणच्या हवेत हा क्रम उलटा करावा लागतो.

## १. आधी जागा मोजा

लाल वाइन वर्षानुवर्षं ठेवायची तर तिला १२ ते १४ अंश सेल्सिअस तापमान लागतं, आणि तेही स्थिर. हवेतली आर्द्रता ६० ते ७५ टक्के असावी, अंधार असावा, हादरे नसावेत. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पारा ३३-३४ च्या पुढे जातो, पावसाळ्यात आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास रेंगाळते आणि ऑक्टोबरची काहिली वेगळीच. म्हणजे तापमानाची आणि आर्द्रतेची अट आपोआप पूर्ण होत नाही.

“आमचं चिऱ्याचं घर आहे, माजघरात गारवा असतो,” असं बरेच जण सांगतात. गारवा असतो हे खरं. पण आपल्या अंगाला गार वाटणारे २७ अंश वाइनला गरमच असतात. म्हणून अंदाज न करता मोजा. कमाल आणि किमान तापमान लक्षात ठेवणारा, आर्द्रताही दाखवणारा डिजिटल तापमापक घ्या. ठरवलेल्या जागी तो एप्रिल-मेमध्ये निदान पंधरा दिवस राहू द्या. हवेचं तापमान पटकन चढतं-उतरतं, बाटलीतलं सावकाश. म्हणून शक्य असेल तर एखादी रिकामी बाटली पाण्याने भरून तिथे ठेवा आणि तिच्यातल्या पाण्याचं तापमान सकाळी व दुपारी बघा.

उष्णतेने नेमकं काय होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढची सगळी खटपट का करायची ते पटेल. “गरमीत वाइन लवकर मुरते, मग बरंच की,” हा सर्वांत महाग पडणारा गैरसमज आहे. थंडाव्यात तुरटपणा हळूहळू मऊ होतो, फळाच्या वासातून चामडं, सुकं मांस, ओली माती, मिरी असे वास उलगडत जातात. उष्णतेत मात्र सगळ्या प्रक्रिया सारख्या प्रमाणात वेग घेत नाहीत. रंग आणि फळ आधी मरतं, तुरटपणा तसाच राहतो. काढलेला हापूस तापल्या कातळावर टाकला तर तो लवकर पिकत नाही, खराब होतो. तसंच हे. शिवाय गरम झालेली वाइन प्रसरण पावते आणि बूच बाहेर ढकलते. रात्री थंड होताना ती आकसते आणि बुचाच्या कडेने हवा आत ओढते. असा हेलकावा रोज चालू राहिला तर दोन उन्हाळे पुरे होतात.

तपासणी: मोजलेलं कमाल तापमान २५ च्या वर जात असेल तर त्या जागी बाटली काही आठवड्यांपेक्षा जास्त ठेवू नका. ३० च्या वर जात असेल तर एक दिवसही नको. कौलांखालचा माळा, फ्रिजचा माथा, गॅसजवळचं कपाट आणि खिडकीसमोरचं शोकेस या चार जागा न मोजताच बाद करा.

## २. यंत्र निवडा

वर्षभर आणि त्याहून जास्त काळ वाइन ठेवायची असेल तर कोकणात यंत्राशिवाय मार्ग नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पर्याय दोन.

वाइन कूलर. बाजारात दोन प्रकार मिळतात. पेल्टियर पद्धतीचा (दुकानदार त्याला थर्मोइलेक्ट्रिक म्हणतात) स्वस्त असतो, आवाज करत नाही, हादरत नाही. पण तो खोलीच्या तापमानापेक्षा साधारण १० ते १५ अंशच खाली जाऊ शकतो. मे महिन्यात खोली ३४ वर असताना तो १४ गाठणार नाही आणि रात्रंदिवस चालून लवकर दगावेल. कोकणासाठी कॉम्प्रेसरचाच घ्या. आतल्या पट्टीवर हवामान वर्ग छापलेला असतो. ‘एन’ वर्गाचं यंत्र बाहेरच्या ३२ अंशांपर्यंतच नीट चालावं असं बनवलेलं असतं, ‘एसटी’ ३८ पर्यंत, ‘टी’ ४३ पर्यंत. दुकानात सगळे आतल्या निळ्या दिव्याकडे आणि काचेच्या दाराकडे बघतात. तुम्ही ही पट्टी बघा आणि ‘एसटी’ किंवा ‘टी’ लिहिलेलं असेल तरच पुढे बोला.

बसवताना मागे आणि बाजूला पुस्तिकेत सांगितलेली मोकळी जागा सोडा. कपाटात कोंबलेला कूलर स्वतःच्याच उष्णतेत गुदमरतो. घर समुद्राजवळ असेल तर खाऱ्या हवेने मागची जाळी गंजते, म्हणून खाडीच्या वाऱ्याची भिंत टाळा आणि दर काही महिन्यांनी जाळी कोरड्या ब्रशने झाडा. स्टॅबिलायझर लावाच.

घरातला फ्रिज. चार-पाच अंशांवर वाइनचं मुरणं जवळजवळ थांबतं, आणि नो-फ्रॉस्ट फ्रिजची कोरडी हवा दीर्घकाळात बूच सुकवते. तरीही काही महिन्यांसाठी माजघरापेक्षा फ्रिज कितीतरी बरा. दारातल्या कप्प्यात नको, तिथे सतत हादरे आणि उघडझाप. भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवा, तिथे थोडी जास्त ऊब आणि ओलावा असतो.

एसी असलेली खोली हा तिसरा पर्याय अनेक जण सुचवतात. माणसं उठली की एसी बंद होतो आणि दुपारी खोली पुन्हा तापते. नको.

## ३. बाटली ठेवण्याजोगी आहे का ते ठरवा

जागा तयार झाली, आता बाटली. प्रत्येक सिरा मुरवण्यासाठी नसते. बहुतेक नसतातच.

मुरणारी सिरा मुख्यतः फ्रान्समधल्या ऱ्होन नदीच्या उत्तर खोऱ्यातली. तिथले उतार इतके उभे की कोत-रोती या भागात काही ठिकाणी चढ ६० टक्क्यांच्या आसपास जातो. ट्रॅक्टर चालत नाही, दगडी बांध घालून पायऱ्या केलेल्या, प्रत्येक वेल खांबाला बांधलेली, सगळं काम हाताने. ग्रॅनाइट किंवा शिस्ट खडकावरची माती पातळ, त्यामुळे पाणी थांबत नाही आणि द्राक्षाचे मणी लहान राहतात. लहान मण्यात रसाच्या मानाने सालीचा वाटा जास्त, म्हणजे रंग आणि तुरटपणा जास्त. उताराला ऊन भरपूर मिळतं आणि तरी आंबटपणा टिकतो. तुरटपणा आणि आंबटपणा हीच वाइनच्या दीर्घायुष्याची शिदोरी.

लेबलावरचं भागाचं नाव बघून ढोबळ अंदाज असा बांधा. या वर्षांचा अर्थ १४ अंशांवर ठेवल्यास, एवढाच:

- एर्मिताज: सर्वांत दमदार. चांगल्या वर्षाची १५ ते ३० वर्षं.
- कोर्नास: शंभर टक्के सिरा, तरुणपणी दांडगट. १० ते २० वर्षं.
- कोत-रोती: सुगंधी. थोडं व्हियोन्ये हे पांढरं द्राक्ष मिसळायला परवानगी आहे. १० ते २० वर्षं.
- सें-जोसेफ: उतारावरची असेल तर ५ ते १०, सपाटीची असेल तर लवकर संपवा.
- क्रोझ-एर्मिताज: बरीचशी सपाट जमिनीवरची. नावातल्या एर्मिताजला भुलू नका. ३ ते ८ वर्षं.

नाशिक, दिंडोरी, अकलूजकडची शिराझ म्हणजे हेच द्राक्ष. तिथल्या लेबलावर ‘रिझर्व्ह’ लिहिलेल्या बाटल्या तीन-चार वर्षं नीट ठेवल्या तर खुलतात, साध्या बाटल्या मात्र घेतल्या वर्षीच प्याव्यात. फिरकीचं झाकण आहे म्हणून वाइन हलकी समजू नका. ते झाकण पावसाळ्यातल्या दमटपणात बुचापेक्षा कमी त्रास देतं.

इशारा: एकाच नावाच्या निदान दोन, जमल्यास तीन बाटल्या घ्या. एकच बाटली असेल तर ती कधी उघडायची हे कळायला काही साधन राहत नाही.

## ४. दुकानातून घरापर्यंत

सगळ्यात जास्त बाटल्या याच टप्प्यात मरतात आणि कोणाला पत्ता लागत नाही. दुकानात काचेजवळ ट्यूबलाइटखाली उभी असलेली बाटली घेऊ नका, खोक्यातली मागा. घेताना तीन गोष्टी बघा: वाइनची पातळी मानेत वर आहे का, बुचावरचं वेष्टण चिकट नाही ना आणि बूच बाटलीच्या तोंडाच्या वर फुगून आलेलं नाही ना. चिकट वेष्टण किंवा वर आलेलं बूच म्हणजे बाटली कुठेतरी तापलेली आहे. कितीही सवलत दिली तरी परत करा.

मुंबईहून महामार्गाने येताना बाटली डिकीत ठेवू नका. माणगावला जेवायला थांबलात की बंद गाडी भट्टी होते. मासळीसाठी मिळते तशी नवीन थर्माकोलची पेटी घ्या, तळाशी जाड कापडात गुंडाळलेल्या बर्फाच्या पिशव्या ठेवा, वर बाटल्या आडव्या, आणि पेटी माणसांबरोबर एसीत. कोकण रेल्वेने येत असाल तर तीच पेटी सीटखाली. मे महिन्यात कुरियरने मागवणं टाळा, डिसेंबर-जानेवारीत मागवा.

महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि वाहून न्यायला परवाना लागतो. सावंतवाडी-दोडामार्गच्या मंडळींना गोवा जवळ, पण तिथली बाटली परवान्याशिवाय हद्दीच्या अलीकडे आणणं गुन्हा आहे. होमस्टे चालवणाऱ्यांनी पाहुण्याला पैसे घेऊन वाइन देण्याआधी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे नियम विचारून घ्यावेत.

घरी आल्यावर बाटली दोन आठवडे पडून राहू द्या. प्रवासातून उतरल्या दिवशी उघडलेली वाइन विस्कटलेली लागते.

## ५. साठवण, आणि विशेषतः पावसाळा

बुचाची बाटली आडवी ठेवा, बूच ओलं राहिलं पाहिजे. कूलर १४ वर लावा आणि त्यातच तापमापक टाकून ठेवा. यंत्राच्या दारावर दिसणारा आकडा आणि आतला आकडा एक असेलच असं नाही. रिकामे कप्पे पाण्याच्या बाटल्यांनी भरा, म्हणजे वीज गेल्यावर आतला थंडावा जास्त वेळ टिकतो.

प्रत्येक बाटलीच्या मानेला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधा: नाव, साल, कुठून घेतली, कधी घेतली, केव्हा उघडायची. पेन्सिलने लिहा, शाई आषाढात पसरते. लेबलाला स्वयंपाकघरातली पारदर्शक फिल्म एकदा गुंडाळा. लेबलावर किंवा वेष्टणाखाली बुरशी दिसली म्हणून वाइन खराब झाली असं नाही, ओल्या फडक्याने पुसून घ्या.

पण एक बुरशी खरोखर घातक. ओल्या पुठ्ठ्यात आणि लाकडात वाढणारी बुरशी क्लोरीनच्या संपर्कात आली की एक संयुग तयार होऊ शकतं, टीसीए. त्याचा वास ओल्या पुठ्ठ्यासारखा, बंद पडलेल्या कोठीसारखा, आणि तो अत्यल्प प्रमाणातही वाइन मारतो. म्हणून बाटल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत ठेवू नका आणि त्या खोलीतली बुरशी ब्लीचिंग पावडरने धुऊ नका. व्हिनेगरच्या पाण्याने पुसा आणि कोरडं करा.

विजेचा भरवसा धरू नका. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबाग-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा रायगड आणि दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. काही तासांसाठी गेली तर कूलरचं दार उघडूच नका, एवढं पुरतं. एका दिवसाहून जास्त जाणार असं दिसलं की बाटल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून थर्माकोलच्या पेटीत बर्फासोबत ठेवा आणि बर्फ रोज बदला. चार-पाच दिवस दोन-तीन अंशांवर राहिल्याने वाइनचं नुकसान होत नाही. एक दुपार ३५ वर राहिल्याने होतं.

तपासणी: दर महिन्याला बुचांवरून बोट फिरवा. ओल, चिकटपणा किंवा वर आलेलं बूच दिसलं तर ती बाटली त्याच आठवड्यात उघडा. अजून एक वर्ष थांबून ती सुधारणार नाही.

## ६. उघडायची केव्हा

ऱ्होनची सिरा सरळ रेषेत मुरत नाही. पहिली दोन-तीन वर्षं ती फळाने भरलेली असते, नंतर अनेकदा काही वर्षं मिटून बसते: वास येत नाही, तुरटपणा तेवढा जाणवतो. कोर्नास आणि एर्मिताजमध्ये हा काळ लांब असू शकतो. अशा वेळी लोक घाबरून उरलेल्या बाटल्या संपवून टाकतात. तीनपैकी पहिली उघडल्यावर मिटलेली लागली तर उरलेल्या दोन्ही बाटल्या आणखी दोन-तीन वर्षं हलवू नका.

यंत्राची सोय नसेल तर प्रश्नच सोपा आहे. घेतल्यापासून काही आठवड्यांतच, उन्हाळ्याआधी उघडा.

## ७. आदल्या दिवसापासूनची तयारी

आठ-दहा वर्षांहून जुनी असेल तर बाटली २४ ते ४८ तास आधी उभी करा, फ्रिजमध्ये किंवा कूलरमध्येच, म्हणजे गाळ तळाशी बसेल.

पेले आणि डिकँटर (पिण्याआधी वाइन ओतून ठेवायचं काचेचं भांडं) आदल्या दिवशी बाहेर काढा आणि वास घ्या. कपाटात डांबरगोळ्या असतील, नवीन लाकडाचं पॉलिश असेल किंवा डिकँटर पावसाळाभर बंद असेल, तर तो वास काचेला धरतो आणि थेट वाइनमध्ये उतरतो. साबण न वापरता गरम पाण्याने धुवा, उपडे ठेवून पूर्ण वाळू द्या.

आता तापमान. “लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी” हे वाक्य युरोपातल्या थंड दगडी घरांचं आहे. आपली खोली ३० वर असते, आणि तिथे सिरा फक्त दारूचा झणका आणि उकडलेल्या फळाचा वास देते. पेल्यात वाइन १६-१७ अंशांवर असावी. कोकणात ती ओतल्यावर भराभर चढते, म्हणून ओतताना १४-१५ ठेवा.

- कूलरमधली (१४): थेट उघडा.
- फ्रिजमधली (५): पाऊण ते एक तास आधी काढा, मग तापमापकाने बघा.
- खोलीतली (३०): बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घाला, मूठभर मीठ टाका, बाटली मानेपर्यंत बुडवा. साधारण पंधरा मिनिटं. नुसता बर्फ बाटलीला नीट टेकत नाही आणि वेळ दुप्पट लागतो.

इशारा: फ्रीझरमध्ये ठेवून विसरू नका. आणि फार गारही नको. दहा अंशांवर सिराचा तुरटपणा कडवट होतो आणि मिरीचा वास बंद होतो.

## ८. बूच, गाळ आणि पहिला वास

वेष्टण बाटलीच्या ओठाखालून कापा, तोंड ओल्या फडक्याने पुसा. पंधरा वर्षांहून जुनं बूच पेचाच्या ओपनरने तुटू शकतं. दोन पात्यांचा ओपनर मिळाला तर तो वापरा: पाती बुचाच्या दोन्ही बाजूंनी डोलवत खाली सरकवा, मग पिळत वर ओढा. तुटलंच तर उरलेलं आत ढकला आणि बारीक स्टीलच्या गाळणीतून ओता. गाळणी चहाची नको.

पेल्यात घोटभर ओता आणि वास घ्या. इथे घाईने निकाल देऊ नका. सिरा हे द्राक्ष बंद बाटलीत गंधकाचे वास धरून ठेवणारं आहे. जळलेली काडी, रबर, उकडलेलं अंडं असा वास आला तर बाटली बिघडलेली नाही. डिकँटरमध्ये ओता, अर्धा-एक तास द्या, बहुतेकदा तो जातो. चांगल्या बाटल्या याच क्षणी मोरीत ओतल्या जातात, म्हणून हे ठळकपणे सांगतो आहे. ओल्या पुठ्ठ्याचा वास मात्र हवेने वाढतच जातो, तो टीसीए, तिथे इलाज नाही. सुकलेल्या मनुका आणि जॅमचा जड वास आणि कडेला विटकरी रंग, आणि वाइन वयाने तरुण, तर ती कुठेतरी तापली आहे.

तरुण, दांडगट बाटलीला डिकँटरमध्ये एक-दोन तास द्या. जुनीला फक्त गाळ वेगळा करण्यापुरतं डिकँट करा आणि लगेच वाढा, तास-दीड तासात ती विझू शकते. ओतताना बाटलीच्या मानेखाली मोबाइलचा टॉर्च धरा, एका दमात सावकाश ओता, गाळाची काळी रेघ मानेपाशी आली की थांबा. डिकँटर खोलीत नुसता ठेवला तर तासाभरात वाइन बरीच गरम होते. तो गार पाण्याच्या पातेल्यात उभा करा. पेल्यातही एका वेळी १०० मिलीहून जास्त ओतू नका, बाकीची गार राहू दे.

## ९. ताटात काय

बांगडा, तारली, पेडवे नकोत. लाल वाइनमधल्या लोहाच्या अंशामुळे तेलकट माशाबरोबर तोंडात उग्र हिवस चव उरते. तिखटजाळ रस्साही नको, मिरचीने तुरटपणा आणि दारू दोन्ही टोचतात. सिराच्या वासातली मिरी रोटंडोन नावाच्या घटकामुळे येते आणि तोच काळ्या मिरीतही असतो. म्हणून लाल मिरची आवरून काळी मिरी वाढवा: भाजक्या खोबऱ्याचं सुकं मटण, ओल्या काजूची उसळ, सुरणाचे जाडसर काप, पावसाळ्यात अळंबी. सोलकढी जेवण संपल्यावर. तिच्या आंबटपणापुढे वाइन फिकी पडते.

## १०. उरलेली

उघडी बाटली ओट्यावर रात्रभर ठेवली की चिलटं येतात, आणि ती व्हिनेगर करणारे जंतू बरोबर आणतात. उरलेली वाइन लगेच लहान स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरा, घट्ट बंद करा, फ्रिजमध्ये ठेवा. तरुण सिरा दोन-तीन दिवस चांगली राहते, कधी दुसऱ्या दिवशी जास्त खुलते. जुनी दुसऱ्या दिवशीपर्यंतही टिकेलच असं नाही, ती त्याच रात्री संपेल इतकी माणसं बोलवा. तळाशी गाळासकट उरलेले दोन घोट मटणाच्या मसाल्यात घाला.